परसातल्या उतारावर ट्रॅम्पोलिन: विटांवर उचलावं की जमीन कापावी?

रानजाई (ओवळा, ठाणे)

नमस्कार मंडळी,

माझ्या भावाने वाशीहून मुलांसाठी १० फुटी ट्रॅम्पोलिन पाठवलंय. जाळी, खांब, शिडी सगळं आलंय, खोकी पडवीत उभी आहेत. आमचं घर ओवळ्याच्या गावठाणात. घोडबंदर रोडला एवढे टॉवर उभे राहिले तरी घरामागचं परस आम्ही राखून ठेवलंय. एक जुना आंबा, विहीर, सासूबाईंचं अळूचं वाफं, आणि मधे चांगली मोकळी जागा.

अडचण जमिनीची आहे. डोंगराच्या अंगाला परस उंच, खाडीच्या अंगाला सखल. उतार नुसत्या डोळ्यांना कळतो. पावसात सगळं पाणी खालच्या गडग्याकडे धावतं. आमच्या यांचं म्हणणं, सखल बाजूच्या पायांखाली विटा लावल्या की झालं. सासरे म्हणतात, एकदाचा कोबा करून टाकू, म्हणजे नंतर पापड वाळवायलाही उपयोगी. मला दोन्ही पटत नाही, पण का पटत नाही ते घरात नीट सांगता येत नाही. उड्या मारताना मूल सारखं उताराच्या बाजूला ढकललं जाईल असं मनात येत राहतं.

घरात मुलं तीन. माझा मुलगा ८ वर्षांचा, मोठ्या जाऊबाईंची मुलगी ११ ची आणि धाकट्या भावोजींचा मुलगा ५ वर्षांचा. सुट्टी लागलीय, तिघंही रोज खोक्यांभोवती फिरतात. जमीन नीट झाल्याशिवाय मी एकही खोकं उघडू देणार नाही असं सांगून ठेवलंय. ज्यांनी प्रत्यक्ष असं काम केलंय किंवा करून घेतलंय, त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

मधुमालती (कोपरखैरणे)

विटा अजिबात नकोत ताई, सरकतात. माझ्या नणंदेकडे बंगल्याच्या अंगणात पेव्हर ब्लॉकवर ठेवलंय, व्यवस्थित उभं आहे. तुम्हीही तेवढ्या भागात पेव्हर टाकून घ्या, चिखलही होणार नाही.

पाणसळ (वर्तकनगर, ठाणे)

रानजाई, तुमच्या मनात येतंय ते बरोबर आहे. मी बांधकाम साइटवर सुपरवायझर होतो, घोडबंदर पट्ट्यातच बरीच वर्षं काढली. निवृत्तीनंतर ओळखीपाळखीच्या बंगल्यांत मुलांचे झोपाळे, घसरगुंड्या आणि ट्रॅम्पोलिन नीट बसवून देतो. म्हणून थोडं लांबण लावतो, पण शेवटपर्यंत वाचा.

आधी उताराचं. मॅट तिरकी असली की ती मुलाला सरळ वर फेकत नाही, मॅटच्या काटकोनात फेकते. म्हणजे दर उडीला मूल थोडं थोडं सखल बाजूला जातं. तीन-चार उड्यांत ते मधून निघून कडेच्या स्प्रिंगांपाशी पोचतं. त्याच वेळी सखल बाजूच्या पायांवर जास्त भार येतो आणि उंच बाजूचे पाय जमीन सोडू बघतात. जोरात उडी बसली तर सगळा सांगाडा उचलला जातो. चांगली जाळी असली तरी हे थांबत नाही, उलट मूल जाळीवर आदळलं की तोच धक्का सांगाड्याला मिळतो.

आता विटा. बऱ्याच घरगुती ट्रॅम्पोलिनचे पाय यू आकाराचे असतात. खालची आडवी नळी पूर्ण लांबीने जमिनीवर टेकावी अशी ती रचना आहे. तिच्या एका टोकाखाली वीट घातली की उरलेली नळी अधांतरी राहते आणि सगळा ताण जोडावर आणि वेल्डिंगवर येतो. शिवाय वीट पायाला कशानेच बांधलेली नसते. मूल उडी मारतं तेव्हा सांगाडा खालीही दाबला जातो आणि बाजूलाही ढकलला जातो. वीट हळूहळू कलते आणि एक दिवस निसटते, तेव्हा वर मूल असतं. दगड, लाकडी ठोकळे, लाद्या यांचंही तेच.

कोबा आणि पेव्हर ब्लॉक यांना माझा विरोध दोन कारणांसाठी आहे. जाळीची चेन उघडी राहिली आणि मूल बाहेर पडलं तर ते सिमेंटवर पडेल. आणि सिमेंटमध्ये ट्रॅम्पोलिनचे खुंटे ठोकता येत नाहीत. मधुमालतीताई, तुमच्या नणंदेकडे ते व्यवस्थित उभं असेल यात शंका नाही, पण भोवतीची जमीन मऊ हवी हे त्यांनाही आवर्जून सांगा. निदान कडेने हिरवळ किंवा रेतीचा जाड थर तरी हवा.

तर उत्तर असं: सपाटी जमिनीत करायची, पायांखाली नाही. उंच बाजू कापायची. सखल बाजू भरायची नाही, कारण नवी भर पहिल्या पावसात बसते आणि सगळी एकसारखी बसत नाही. केलेली सपाटी ऑगस्टपर्यंत पुन्हा तिरकी झालेली दिसेल.

पण कुदळ हातात घेण्याआधी मोजमाप करा. परसाच्या मधे एक खुंटी ठोका, तिला साडेअकरा फुटांची सुतळी बांधा आणि चुन्याने गोल मारा. ५ फूट ट्रॅम्पोलिनची अर्धी रुंदी आणि पुढे साडेसहा फूट, म्हणजे सुमारे २ मीटर, मोकळी जागा. हा २३ फुटांचा गोल पूर्ण रिकामा हवा. त्यात झाड, विहिरीचा कठडा, गडगा, ओट्याची पायरी, धुण्याचा दगड, नळाचा स्टँड, तारेचं कुंपण यातलं काहीही नको. वरही बघा. ट्रॅम्पोलिनच्या माहितीपुस्तिकांत जमिनीपासून २४ फूट मोकळं आकाश मागतात. फांदी, कपड्यांची दोरी आणि खास करून पोलवरून घरात येणारी विजेची वायर तपासा. वायर त्या गोलावरून जात असेल तर जागा बदला, दुसरा उपाय शोधू नका.

आणखी एक, गावठाणातल्या घरांत हे हमखास विसरलं जातं: शौचालयाची टाकी, शोषखड्डा आणि अर्थिंगचा खड्डा नेमका कुठे आहे ते सासऱ्यांना विचारून घ्या. टाकीच्या झाकणीवर ट्रॅम्पोलिन ठेवायचं नाही आणि अर्थिंगच्या पट्टीवर कुदळ मारायची नाही.

उतार किती आहे ते लेव्हल पाइपने मोजा. पारदर्शक प्लास्टिकची नळी हार्डवेअरच्या दुकानात मिळते, गावातला कुठलाही गवंडी वापरतो. नळीत पाणी भरा, बुडबुडे पूर्ण काढा. १० फुटांच्या वर्तुळावर पाय येतील तिथे खुंट्या ठोका आणि प्रत्येक खुंटीवर पाण्याची रेघ मारून घ्या. त्या रेघेपासून जमिनीपर्यंत किती इंच भरतात ते लिहून इथे टाका. मग पुढचं सांगतो.

नौपाड्याची फिजिओ

जमिनीचं काकांनी इतकं नीट सांगितलंय की मी फक्त मुलांविषयी बोलते.

रानजाई, तुमच्या ५ वर्षांच्या पुतण्यासाठी हे ट्रॅम्पोलिन नाही. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडिॲट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१२ साली याबद्दल सविस्तर भूमिका मांडली. खरं तर घरी खेळ म्हणून ट्रॅम्पोलिन वापरू नये असाच त्यांचा सल्ला आहे, हे तुम्हाला आधी माहीत असायला हवं. ६ वर्षांखालच्या मुलांची हाडं मोडण्याचा धोका जास्त असतो, त्यांना तर चढूच देऊ नये.

त्यांच्या म्हणण्याप्रमाणे सुमारे तीन चतुर्थांश दुखापती एका वेळी एकाहून जास्त जण मॅटवर असताना होतात. आणि अशा वेळी सर्वांत लहान चणीच्या मुलाला इजा होण्याची शक्यता जड जोडीदारापेक्षा १४ पटींपर्यंत असते. कारण समजून घ्या. ११ वर्षांची ताई खाली येते तेव्हा मॅट खोल दबते आणि मग वर उसळते. नेमक्या त्याच क्षणी छोटा खाली येत असेल तर वर येणारी मॅट त्याच्या पायांवर आदळते. तो पडलेला नसतो, कुणाला धडकलेलाही नसतो, आणि तरी गुडघ्याखालचं हाड मोडतं. आईवडील म्हणतात, ‘अहो, तो तर नुसता उभा होता!’ लहान मुलांच्या पायाचं हे फ्रॅक्चर हाडांच्या डॉक्टरांच्या चांगल्या ओळखीचं आहे.

म्हणून एका वेळी एकच मूल. भाऊबहीण, मामा, बाबा, कुणीही सोबत नाही. बाबा सोबत चढले की धोका सगळ्यात जास्त, कारण वजनातला फरक सगळ्यात जास्त.

कोलांटउडी पूर्ण बंद. मानेच्या आणि मणक्याच्या गंभीर दुखापती प्रामुख्याने तिथून येतात. ऑलिंपिकमध्ये २००० साली सिडनीपासून ट्रॅम्पोलिन आहे, मुलं मोबाइलवर ते बघतात आणि करून पाहायला जातात. ते खेळाडू वर्षानुवर्षं प्रशिक्षकाच्या हाताखाली शिकलेले असतात आणि त्यांचं साधनही वेगळं असतं, हे मुलांना बसवून समजावा.

जाळी हवीच, बाहेर पडण्यापासून ती वाचवते. पण पुष्कळ इजा मॅटवरच होतात आणि तिथे जाळी काही करू शकत नाही. तिथे जवळ उभं असलेलं, मोबाइल खिशात ठेवलेलं मोठं माणूसच लागतं.

रानजाई

काका आणि ताई, दोघांचे मनापासून आभार. फिजिओताईंचा प्रतिसाद मी रात्री सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला. धाकट्या जाऊबाई आधी थोड्या नाराज झाल्या, पण गुडघ्याखालच्या हाडाचं ऐकल्यावर त्याच म्हणाल्या, माझा नाही चढणार. त्याला काय सांगायचं ते आम्ही बघतो.

गावातल्या गवंडीदादांकडून लेव्हल पाइप आणला. मोजमाप असं:

पहिला गोल आंब्याकडे मारला होता, तो बसलाच नाही. तो मागच्या ओट्याकडे सरकवला. आता गोलात फक्त धुण्याचा दगड येतोय, तो हलवता येईल. विहीर बरीच बाहेर आहे. शौचालयाची टाकी पश्चिमेच्या कोपऱ्यात, तिकडेही गोल पोचत नाही. विजेची वायर घराच्या दुसऱ्या अंगाने येते. आंब्याची एक फांदी मात्र गोलाच्या कडेवर आलीय, जमिनीपासून अंदाजे १४ फूट. यांनी कोयता काढलाच होता, मी थांबवलं.

उंच आणि सखल खुंटीत १० फुटांना ९ इंचांचा फरक भरतोय. वरची माती वीतभर आहे, खाली तांबडा मुरूम लागतो. गवंडीदादा म्हणाले, सगळं खोदायची गरज नाही, उंच बाजूच्या पायांपुरत्या चऱ्या खणा आणि पाय त्यात उतरवा. हे चालेल का?

पाणसळ

मोजमाप छान घेतलंत. ९ इंच म्हणजे साडेसात टक्के उतार, अंशांत सव्वाचारच्या आसपास. यावर तसंच ठेवणं शक्य नाही.

गवंडीदादा सांगतात ती रीत वापरात आहे आणि दोन-तीन इंचांच्या फरकाला मीही ती मान्य करतो. पण ९ इंचांना नको. १० फुटी ट्रॅम्पोलिनची मॅट साधारण अडीच फूट उंचीवर असते. पाय ९ इंच पुरले की उंच बाजूला मॅटखाली २१ इंचच उरतात. ११ वर्षांची मुलगी त्या बाजूला जोरात उतरली तर तळ जमिनीला लागू शकतो. दुसरं, त्या चऱ्यांत जून ते सप्टेंबर पाणी उभं राहील आणि पाय गंजतील. जस्ताचा मुलामा असला तरी खरचटलेल्या जागी गंज धरतोच.

म्हणून पूर्ण गोल कापा. १० फुटांना भोवती एकेक फूट वाढवून १२ फुटांचा ओटा करा, म्हणजे जमिनीतच कोरलेली सपाट जागा. सखल कडेची पातळी तीच शेवटची पातळी धरायची आणि तिथून आत आत कापत जायचं. तुमच्या उताराने उंच कडेला जवळपास ११ इंच कापावं लागेल. निघणारा माल मी हिशेब करून बघितला, जागेवर साधारण अर्धा ब्रास, म्हणजे ५० घनफूट. खणल्यावर तो फुगतो, त्यामुळे ढीग त्याहून मोठा दिसेल. दोन गडी, कुदळ, फावडं, घमेलं एवढ्यात काम होतं. मुरूम कडक असेल तर आदल्या संध्याकाळी भरपूर पाणी मारून ठेवा, सकाळी कुदळ सहज लागते.

वरची वीतभर काळपट माती वेगळ्या ढिगात टाका. ती फेकू नका, शेवटी लागणार आहे. मुरूम गडग्याच्या आतल्या बाजूने पसरा, पण अळूच्या वाफ्यात जाऊ देऊ नका.

उंच कडेला जो बांध उभा राहील तो सरळ कापलेला ठेवायचा नाही. तो मोकळ्या जागेच्या आत येतोय, मूल पडलं तर त्याच्या धारेवर पडेल. तो परत तिरका करून अंगणात मिसळवा, निदान ३ फुटांत हळूहळू चढत जाईल असा, आणि त्यावर हिरवळ लावा. त्याच्या वरच्या अंगाला वीतभर खोल, उथळ तोंडाची चर काढा आणि दोन्ही बाजूंनी वळवून गडग्याकडे सोडा. ती चर सगळ्या कामाचा जीव आहे. तुमच्याकडे डोंगरावरून येणारं पाणी कसं धावतं ते मी जुलैत साइटवर पाहिलंय. वरचं पाणी या सपाट जागेत शिरलं तर महिन्याभरात मुरूम धुऊन कोपरे खचतील.

खोदल्यावर तळ पाण्याने भिजवा आणि धुमसाने ठोकून घ्या. कुठे चुकून जास्त खणलं गेलं तर तिथे मोकळी माती लोटू नका. मुरूम पातळ थरात घाला, भिजवा, ठोका, मग पुढचा थर. मग अल्युमिनियमची लांब पट्टी आणि तिच्यावर पाणसळ ठेवून उभं, आडवं आणि दोन्ही तिरक्या दिशांना बघा. फक्त दोन दिशांना बघून उठू नका, तिरकस दिशेला फरक लपून राहतो. पूर्ण १० फुटांत एखाद्या इंचाहून जास्त फरक मी ठेवत नाही.

सांगाड्याचे पाय या ठोकलेल्या मुरुमावर टेकतील. भोवतीच्या साडेसहा फुटांत मात्र वेगळी ठेवलेली काळी माती पसरा आणि हिरवळ लावा. हिरवळ धरेपर्यंत रेतीचा किंवा लाकडाच्या चिपांचा जाड थर टाका.

आंब्याच्या फांदीबद्दल. कोयता थांबवलात ते उत्तम केलंत. शहरी भागातल्या झाडांना १९७५ चा महाराष्ट्राचा झाडांच्या संरक्षणाचा कायदा लागू होतो, फांद्या छाटायच्या असतील तरी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज करा. पण माझं ऐकाल तर गोल आणखी दोन-तीन फूट सरकवा आणि झाडाला हात लावू नका. आंब्याची जाड मुळं खोदकामात दिसली तर तिथेही थांबा. जुन्या झाडाचं एका बाजूचं मूळ तोडलं तर वादळात ते त्या बाजूने सुटू शकतं.

आडवाटेने (खारघर)

धागा वाचतोय, फार उपयोगी. दोन प्रश्न. एक, उतार कापायचाच आहे तर खड्डा खणून ट्रॅम्पोलिन जमिनीच्या पातळीवर का बसवू नये? परदेशात तसे असतात, पडायची उंचीच राहत नाही. दोन, आमचं रो हाउस आहे, मागे १२ फूट रुंद जागा. ८ फुटी बसेल का? नाहीतर गच्चीवर?

पाणसळ

खड्ड्याची कल्पना चांगली आहे, पण ती आपल्या पावसासाठी नाही. ठाण्यात आणि नवी मुंबईत पावसाळ्यात अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. अडीच-तीन फूट खड्ड्याला खालून पाइप टाकून पाणी उताराकडे काढावं लागतं, कडेने भिंत बांधावी लागते, आणि मॅटखालची हवा बाहेर जायला वाट ठेवावी लागते. नाहीतर चार महिने मॅटखाली डबकं, त्यात डासांची पैदास आणि डेंग्यूला आमंत्रण. ज्यांना हे सगळं करून घ्यायचंय त्यांनी जरूर करावं, बाकीच्यांनी नको.

तुमच्या १२ फुटांत ८ फुटी ठेवलं तर दोन्हीकडे दोन-दोनच फूट उरतात आणि पुढे भिंत. नाही बसत. गच्चीचा विचार मनातून काढून टाका. उडी मारणारं मूल आणि गच्चीचा कठडा हे गणित कुठल्याच जाळीने सुटत नाही. मुलाला आवड असेल तर धरायला दांडा असलेलं छोटं घरातलं घ्या आणि एकाच मुलाला, तुमच्या समोर, वापरू द्या.

रानजाई

काका, काम झालं! गवंडीदादा आणि त्यांचा एक गडी आला होता. अर्ध्या ब्रासचा ढीग बघून सासरे चकित झाले, तुमचा हिशेब त्यांना फार आवडला. गोल आणखी ओट्याकडे सरकवला, त्यामुळे ओट्याची खालची पायरी आत येत होती. ती पायरीच काढून बाजूला फिरवून घेतली. आंब्याला हात लावला नाही. चरही काढलीय आणि पाणी सोडून बघितलं, थेंबही आत येत नाही. चारही दिशांना पट्टी फिरवली, बुडबुडा मधोमध.

आता खोकी उघडायची आहेत. स्प्रिंगा लावताना काय सांभाळायचं? आणि वाऱ्याची धास्ती वाटते. आमच्याकडे संध्याकाळी खाडीवरून वारा चांगलाच असतो. मुरूम इतका कडक आहे की सोबत आलेले स्क्रूसारखे खुंटे आत जायलाच तयार नाहीत.

पाणसळ

वा, पायरी फिरवलीत हे फारच उत्तम. घरच्यांनी एवढी साथ दिली की काम नीटच होतं.

जोडणीला दोन मोठी माणसं हवीत, हातात जाड मोजे, आणि मुलं त्या वेळी घरात. आधी सांगाडा पूर्ण उभा करा आणि त्यावर पुन्हा पाणसळ ठेवा. स्प्रिंगा एका बाजूने सलग लावत जाऊ नका. एक लावली की तिच्या बरोबर समोरची, मग काटकोनातल्या दोन, मग मधल्या. सलग लावल्या तर मॅट एका बाजूला ओढली जाते आणि शेवटच्या स्प्रिंगा ओढता ओढता हात निसटतो. सोबत हूक दिलेला असतो, तोच वापरा, पकड किंवा स्क्रूड्रायव्हर नको. स्प्रिंगांवरची गादी सगळीकडे घट्ट बांधा, एकही स्प्रिंग उघडी दिसता कामा नये. खांबांना फोमची नळी हवी. जाळीला एखादी फट राहिली नाही ना ते हात फिरवून बघा.

खुंट्यांसाठी फॅब्रिकेटरकडून १२ एमएमच्या सळीचे यू आकाराचे खुंटे वाकवून घ्या, प्रत्येक दांडी दोन फुटांची. पायाच्या खालच्या नळीवरून घालून किंचित तिरके ठोका. कडक मुरुमात ते घणाने जातात आणि चांगले धरून राहतात. प्रत्येक पायाला एक. ठोकून झाल्यावर वर आलेलं लोखंड रबरी नळीने झाका, मुलांचे पाय अनवाणी असतात.

वाऱ्याची धास्ती रास्त आहे. जाळी वारा धरते आणि रिकामं ट्रॅम्पोलिन वजनाला हलकं असतं. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळात कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटर वाऱ्याची नोंद झाली. १३ मे २०२४ ला धुळीचं वादळ अचानक आलं आणि घाटकोपरला होर्डिंग कोसळून माणसं गेली. दोन्ही वेळा पावसाळा सुरू व्हायचा होता. म्हणून हवामान खात्याने सोसाट्याच्या वाऱ्याचा इशारा दिला की जाळी उतरवून घडी करून ठेवायची. खुंटे ठोकलेत म्हणून जाळी तशीच ठेवायची नाही.

जूनच्या आधी जाळी, गादी, मॅट आणि स्प्रिंगा काढून घरात ठेवा. स्प्रिंगांना हलका तेलाचा हात लावून बरणीत किंवा बंद डब्यात. सांगाडा बाहेर राहिला तरी चालेल, जोडांवर ग्रीस लावा. ऑक्टोबरात पुन्हा लावताना जमीन परत पट्टीने तपासा. खचली असेल तर आधी ती, मग सांगाडा.

नौपाड्याची फिजिओ

काकांच्या यादीत घरच्या बायकांसाठी एक भर. उड्या मारण्याआधी पैंजण, बांगड्या, गळ्यातली साखळी, कानातले लोंबते डूल उतरवा आणि ओढणी बाजूला ठेवा. जाळीत अडकलं की बोट किंवा कान ओढला जातो. उतरताना उडी मारून खाली यायचं नाही: थांबायचं, बसायचं, शिडीवरून उतरायचं. आणि खेळ संपला की शिडी काढून घरात ठेवा. तुमच्या ५ वर्षांच्या पुतण्याला ट्रॅम्पोलिनपासून लांब ठेवायचा हाच खात्रीचा उपाय आहे. वर कुणी असताना खाली सरपटत जाणारी मुलं मी पाहिलीत, त्याचीही सक्त मनाई करा.

रानजाई

शिडी रात्री माजघरात राहील, जबाबदारी सासूबाईंनी घेतलीय. यांनी वहीच्या पानावर नियम लिहून पडवीत चिकटवले: एका वेळी एक, कोलांटउडी नाही, मोठं माणूस असल्याशिवाय चेन उघडायची नाही. आमच्याकडे बिबट्याचा वावर असतो, त्यामुळे दिवेलागणीनंतर परसात मुलं नाहीत हा नियम आधीपासून होताच, तोही त्यात आला.

धाकट्यासाठी भावाने आता वेगळी सोय सुचवलीय, रेतीचा चौकोन. काका, उरलेल्या मुरुमाच्या ढिगाशेजारी ६ बाय ६ चा करायचा विचार आहे. त्याच्या तळाला काय घालावं?

पाणसळ

तळाला मुरूम ठोकून वर खडीचा पातळ थर, त्यावर जाड कापड किंवा शेतीची हिरवी जाळी, आणि मग फूटभर धुतलेली रेती. बारीक खडी मिसळलेली नको, मुलांच्या डोळ्यांत जाते. रात्री ताडपत्री टाकायची, नाहीतर गावातली मांजरं तिथे घाण करतात. जागा ट्रॅम्पोलिनच्या २३ फुटी गोलाच्या बाहेर ठेवा.